चूक आमची, सही काकांची

उरण,
१२ जानेवारी २०२४

ती. चांगदेव काकांना,
प्राप्तीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून भांडायचं नाही, म्हणून हे पत्र. अर्ध्यावर ठेवून वाडीत जाऊ नका. माझ्या बहिणीची, प्राचीची हळद झाली तसे तुम्ही लगबगीने दिवेआगरला परतलात. आई विचारत होती, एवढी कसली घाई. ती घाई कसली होती ते मला काल कळलं.

तीन तारखेला दिघीच्या जेट्टीवर काय झालं, ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात. तरी लिहिते. फेरीबोटीच्या रांगेत आपली गाडी उभी होती, हॅन्डब्रेक ओढलेला. पुढे तुमच्या शेजारच्या रावजींचा नारळाचा टेम्पो. बोटीवर उलटा चढवायचा म्हणून त्यांनी तो वळवायला घेतला आणि न बघता मागे आणत गेले. मी हॉर्न दाबून धरला. तुम्ही खिडकीतून हात काढून थांब थांब ओरडलात. तरी बॉनेट चेपलं आणि डावा दिवा फुटला.

मी फोटो काढले, त्याच दुपारी विमा कंपनीला कळवलं आणि फॉर्मात जसं घडलं तसं लिहिलं. काल गॅरेजमध्ये कंपनीचा सर्व्हेअर आला. त्यानं रावजींकडून आलेला एक कागद मोबाईलवर दाखवला. "आमच्या मुलीची गाडी पुढे सरकून टेम्पोला लागली. चूक आमची. गावात समेट झाला आहे." खाली तुमची सही. मी दोनदा वाचला, मग बाकड्यावर बसले.

फॉर्मात एक आणि कागदावर एक, म्हणून क्लेम थांबलाय. सर्व्हेअर भला माणूस. ब्रेकवरचा पाय सुटला असं लिहून द्या, भरपाई तशीही तेवढीच मिळेल, असं त्यानं सुचवलं. मी नाही म्हटलं. काका, मी बायकांना गाडी शिकवते. मिठागराच्या गावांतून घरच्यांशी भांडून त्या माझ्याकडे येतात. तुमचा कागद गावच्या ग्रुपवरून फिरत इथपर्यंत आलाय. हिलाच गाडी आवरत न्हाय, ही काय शिकवनार, असं म्हणत रंगूच्या सासूनं रंगूचा क्लास बंद केला. आणखी एक जण कालपासून आली नाही.

असं का केलंत, तेवढं कळवा. काकूंना नमस्कार. माझ्यावरचा लोभ त्या कागदात दिसला नाही, पत्रात तरी दिसू द्या.

तुमची,
प्राप्ती


दिवेआगर,
१७ जानेवारी

चि. सौ. प्राप्तीस,
काकाचे अनेक आशीर्वाद, वि.

पत्र पुरतं वाचलं. चष्मा पुसून दुसऱ्यांदाही वाचलं. तुझ्या बापाचं नाक आणि तुझ्या आईची जीभ, दोन्ही तुझ्याकडे आलेली दिसतात.

पोरी, रागावू नकोस. चार वर्षांपूर्वीच्या वादळात आपल्या घरावर पोफळी आडव्या पडल्या होत्या. कौलं नाहीत, वीज नाही, रस्ता नाही. तेव्हा हा रावजी स्वतःची वाडी तशीच टाकून कोयता घेऊन आला. तीन आठवडे त्याच्या घरची भाकरी आम्ही खाल्ली. ते मी कसं विसरू? आता त्याला डोळ्यांनी नीट दिसत नाही. चूक त्याच्यावर आली तर लायसन्स जाईल ही धास्ती त्याने घेतली आहे. माझ्यासमोर रडला तो.

आपल्याकडे घरातल्या मोठ्या माणसाने नमतं घेतलं, देवळात नारळ फुटला की विषय संपतो. पुढे कोणी तो काढत नाही. मी तेच केलं. विम्यासाठी लेखी लागेल असं रावजी म्हणाला, म्हणून दोन ओळी लिहून दिल्या. त्या तुझ्यापर्यंत येतील, ग्रुपवर फिरतील, हे मला सुचलं नाही. शिवाय वाटलं, बाईमाणसाच्या हातून गाडी लागली म्हटलं तर लोक हसतात आणि विसरतात. त्यात तुझं काय जाणार होतं?

तो सर्व्हेअर सांगतो तसं लिहून टाक. गाडी दुरुस्त होईल, क्लास पुन्हा भरेल. काकू म्हणते, पोरीला पोह्याचे पापड पाठवा, एसटीने पाठवतो. म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
चांगदेव काका


उरण,
२१ जानेवारी

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

पापड मिळाले. तळलेले नाहीत.

माझं काय जाणार होतं, असं तुम्ही विचारता. सहा वर्षं मी हेच ऐकतेय. गाडी घेतली तेव्हा नवऱ्याची असेल म्हणाले. पाटी लावली तेव्हा आठवड्यात उतरेल म्हणाले. नाक्यावर ट्रेलरवाले मुद्दाम हॉर्न मारत गेले. या सहा वर्षांत माझ्या गाडीला साधा ओरखडा नाही. लोक हसण्यासाठी टपूनच होते, काका. त्यांना तुमच्या अक्षरात तुमच्या सहीचा कागद मिळाला.

रावजीकाकांचे उपकार मी मानते. ते तुम्ही फेडा. त्यांच्या वाडीत राबा, त्यांना हात धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. पण माझं नाव तुमच्या वाडीतला नारळ नाही, काढून शेजाऱ्याला द्यायला. आणि त्यांना दिसत नाही म्हणून तुम्ही काळजीत आहात, मग त्यांच्याच हातात टेम्पो राहावा म्हणून खोटं कसं लिहिता? परवा टेम्पोमागे माझी गाडी होती. उद्या पायी चाललेलं कोणी असेल.

माझा पाय ब्रेकवरून सुटला नव्हता. मी तसं लिहिणार नाही. क्लेम बुडाला तर बुडू दे, फुटक्या दिव्यानं गाडी दारात उभी राहू दे. सर्व्हेअरला मी सांगितलंय की गाडीत एक साक्षीदार होता. त्याचे कान गेलेत, डोळे चांगले आहेत. महिनाअखेरपर्यंत सर्व्हेअरनं मुदत दिली आहे.

मला तुमचा फार राग आला आहे आणि त्याहून जास्त वाईट वाटलं आहे. लहानपणी कोणी मला बोललं की तुम्ही चालत त्यांच्या दारात जायचात. लोभ करायचा तर तसा करा.

प्राप्ती


दिवेआगर,
२८ जानेवारी

चि. सौ. प्राप्तीस,
अनेक आशीर्वाद, वि.

चार दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. काकूने वाचलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. मला ऐकू येत नसलं तरी ते कळलं.

काल सकाळी रावजीच्या दारात गेलो. शब्द परत घ्यायला आलोय असं सांगितलं. नारळ फोडल्यावर शब्द परत घेत न्हाईत, असं तो ओरडला. एवढं मोठं की मलाही ऐकू आलं. त्याने वादळाची आठवण काढली. ते देणं माझं आहे, पोरीचं नाही, असं मी म्हणालो. श्रीवर्धनला डोळे दाखवायला चल, मी बरोबर येतो, असंही म्हणालो. त्याने दार लावून घेतलं. चाळीस वर्षांचा शेजार आहे, पोरी. मला त्रास होतो आहे आणि तो मी तुझ्यापासून लपवत नाही. पण तू बोललीस ते खरं आहे. दर सोमवारी त्याचं दार वाजवणार आहे.

देवळापाशी चार माणसं बसली होती. त्यांनाही सांगितलं की गाडी उभी होती आणि मी खोटं लिहिलं. एकाने विचारलं, भाचीपुतण्यांच्या सांगण्यावरून या वयात कुठे मान खाली घालायची? घातली.

मग घरी येऊन हे लिहिलं:

"मी चांगदेव, राहणार दिवेआगर, तीन जानेवारीला दिघी जेट्टीवर माझी पुतणी प्राप्ती हिच्या शेजारी गाडीत बसलो होतो. तिची गाडी उभी होती. टेम्पो मागे येऊन तिला लागला. आधी दिलेला कागद खोटा आहे. तो मी तिला न विचारता लिहिला. चालवताना तिची काही चूक झाली नाही. चूक तिच्या शेजारी बसलेल्या माणसाची आहे."

अस्सल कागद सोबत आहे. हक्काने रागावत जा, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा,
चांगदेव काका

ता. क. सर्व्हेअरला देण्याआधी याची झेरॉक्स काढ आणि क्लासच्या दारावर लाव. रंगूच्या सासूला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.