तक्रारीला दहापैकी नऊ

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार, आणि या खेपेला नुसता कागदावरचा नाही, खरोखर मान खाली घालून केलेला. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो की शहाण्यासारखा वागतो? भाऊजी मजेत ना? त्यांना सांग, आमचा बुद्धिबळाचा डाव अर्धा राहिलाय आणि त्यांचा वजीर माझ्या कैदेत आहे, तो सोडवायला तरी फोन करा म्हणावं. दोन वर्षांत तुझं पत्र नाही. कामात असशील असं समजून मीही गप्प बसलो. (तुझ्या वहिनीचं मत वेगळं आहे, पण तिचं मत सगळ्याच बाबतीत वेगळं असतं.) आज मात्र राहवलं नाही. बुधवारपासून मला चांगलाच हादरा बसलाय.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी एका शिकवणी कंपनीत लागलोय, हे तुला ठाऊक आहेच. ती कंपनी इंग्रजी शिकू पाहणारी मोठी माणसं गाठते आणि एकेकाला एकेक मास्तर देते. काही जण घरी येतात, काही संगणकाच्या पडद्यावर. माझी पद्धत तू जाणतेसच. शिकणाऱ्याने खरं घडलेलं सांगायचं, घरचं, कामावरचं, काहीही. काय सांगितलं याच्याशी मला देणंघेणं नाही, कसं सांगितलं ते मी बघतो. हातात लाल पेन आणि नजर चुकीवर. छत्तीस वर्षं शाळेत हेच केलं आणि एकानेही कधी कुरबूर केली नाही. (शाळेतली पोरं कुरबूर करायला घाबरतात, ही गोष्ट माझ्या आता कुठे ध्यानात येतेय.)

पहिला इशारा खरं तर महिन्यापूर्वीच मिळाला होता. पडद्यावर एक दातांची डॉक्टरीण शिकते. बाई हुशार, पण कॅमेरा असा लावते की तिचं नुसतं कपाळ आणि मागचं दातांचं चित्र दिसतं. त्या दिवशी तास सुरू असताना ती घाईघाईने इंग्रजीत म्हणाली की तुमच्या मागे पाणी येतंय. वाक्य उलटंपालटं होतं. मी ते सुलट करून दिलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. ती आणखी घाईने म्हणाली. मी म्हटलं, घाई नको, श्वास घ्या. तिसऱ्यांदा तिने ते इतकं सुरेख म्हटलं, की मी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजवता वाजवता माझे पाय ओले झाले. वळून पाहतो तर स्वयंपाकघरातला नळ मीच उघडा टाकलेला, मोरी तुंबलेली, आणि माझी एक चप्पल आपली आपण पुस्तकांच्या कपाटाकडे निघालेली. बाई मात्र पडद्यातून ते वाक्य चौथ्यांदा म्हणत होती, एकही चूक न करता. तुझी वहिनी बाजारातून आली, दारातच थांबली, आणि म्हणाली की तुम्ही बुडताय असं कुणी सांगितलं तरी तुम्ही आधी त्याचं वाक्य तपासाल. मी हसण्यावारी नेलं.

आता माझ्या दुसऱ्या शिष्याकडे, चावीवाल्याकडे येतो. हा पन्नाशीचा गृहस्थ दर मंगळवारी आणि शुक्रवारी घरी येतो, येताना पायपुसण्यावर बूट तीनदा घासतो, आणि माझ्या समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसतो. स्टेशनाजवळच्या मोठ्या हॉटेलात त्याला काम मिळवायचं आहे. तिथे परदेशी पाहुणे खोलीची किल्ली आत ठेवून बाहेर अडकतात. तो म्हणतो, सर, कुलूप उघडायला मला भाषा लागत नाही, पण दाराबाहेर उभ्या घाबरलेल्या माणसाला धीर द्यायला लागते. (मला तेव्हा हे वाक्य फार आवडलं होतं. इंग्रजीत त्याने ते कसं म्हटलं, त्यात मी पाच चुका काढल्या.) चार महिने हा माणूस दर तासाला वहीत पाच ओळी घरचं लिहून आणायचा आणि मी त्या लाल करून परत द्यायचो.

मागच्या आठवड्यात मी त्याला तक्रारीचं पत्र लिहायला सांगितलं. शुक्रवारी आणलंन. ताई, काय पत्र होतं! कुणा एका मास्तराबद्दलची तक्रार होती. मास्तर विद्वान आहेत, वेळेवर शिकवतात, पण माणसाचं ऐकत नाहीत. मी त्यांना चार महिने माझ्या घरची बातमी सांगतोय, त्यांनी प्रत्येक बातमी दुरुस्त केली, एकही त्यांना माहीत नाही. असं साधं, सरळ, काळजाला लागेल असं. मला वाटलं, वा, काय मासला उभा केलाय! असले दगड मी आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत कितीतरी पाहिलेत. मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. एके ठिकाणी भाषा मवाळ वाटली, तिथे मीच एक कडक शब्द सुचवला. समासात लिहिलं, 'उत्तम, पण अजून ठाम हवं', खाली दहापैकी नऊ गुण आणि माझी झोकदार सही. वर पत्ता कुणाचा घालू असं त्याने विचारलं, तर मी म्हटलं, घाला की आपल्याच कंपनीचा, सराव खरा वाटला पाहिजे. इतकंच नाही, घरातलं पाकीटही दिलं. पाठवल्याशिवाय पत्र पुरं होत नाही, हे माझं जुनं वचन तुला आठवत असेल. त्याने पाकीट दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाला, सर, तुम्ही मोठ्या मनाचे आहात. मी म्हटलं, असतं एकेकाचं.

बुधवारी कंपनीच्या पर्यवेक्षिका बाईंचा फोन. तक्रार आली आहे म्हणाल्या, वाचून दाखवते. पहिल्या दोन ओळी ऐकताच मी उत्साहाने म्हणालो की बाई, ही मांडणी बघा, हे माझ्या हाताखाली तयार झालंय! त्या हळूच म्हणाल्या, तेच विचारायचं होतं, समासातलं लाल अक्षर तुमचंच ना? ताई, त्याने स्वच्छ प्रत काढलीच नव्हती. माझ्या दुरुस्त्या, माझा कडक शब्द, माझे नऊ गुण आणि माझी सही, सगळं जसंच्या तसं पाकिटात घालून पाठवलं होतं. आरोपीने स्वतः तपासून पास केलेली तक्रार आमच्याकडे प्रथमच आली, असं त्या म्हणाल्या. सोमवारी पडद्यावर सुनावणी आहे. त्यात बाजू पटली नाही तर यादीतून नाव गळणार, आणि मग मी दिवसभर घरात बसून कुणाला दुरुस्त करणार, ही भीती माझ्यापेक्षा तुझ्या वहिनीला जास्त आहे. तिला पत्राची हकीकत सांगितली तर ती एवढंच म्हणाली, नऊच दिले? मी दहा दिले असते.

चावीवाल्याची वही तपासायला माझ्याकडेच होती. फोननंतर ती काढली आणि पहिल्यांदा पेन न घेता वाचली. डिसेंबरात त्याच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. मी त्या पानावर 'काळाचा घोटाळा' असा शेरा मारलाय. जानेवारीत ती अंथरुणावरच. शेवटच्या पानावर एकच ओळ आहे, आज माझी बायको खिडकीपर्यंत चालत गेली. खाली माझं लाल अक्षर, 'पाच ओळी सांगितल्या होत्या'. ताई, मला माझीच शिसारी आली. ती वही घेऊन मी बराच वेळ खुर्चीच्या कडेवर बसलो, तो बसतो तसा.

काल शुक्रवार. मला वाटलं आता कसला येतोय, तर पायपुसण्यावर बूट तीनदा घासल्याचा आवाज आला. मी त्याच्या बायकोबद्दल विचारलं, वहिनी आता खिडकीच्या पुढे जातात का? तो आधी गांगरला, मग इंग्रजीत बोलायला लागला, अर्धा तास, वाक्यागणिक चुका करत, आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. (ती आता दारापर्यंत येते. मला नमस्कार सांगितलाय.) तक्रारीबद्दल विचारलं तर बिचारा खरोखर चकित झाला. म्हणाला, सर, तुम्हीच पाठवायला सांगितलं, मला वाटलं तुम्हाला पटलंय.

पत्र लांबलं. वहिनीचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलंच. सुनावणीसाठी एका जुन्या परिचिताचं पत्र लागतं, की हा माणूस दुसऱ्याचं ऐकून घेतो. तुझ्या वहिनीला विचारलं, ती म्हणाली की खोटं लिहायला तिला शब्द सापडत नाहीत. तेव्हा तूच चार ओळी लिही. माझ्या जन्मापासून ओळखतेस.

ता. क. २. तुझा पत्ता शोधायला खण उपसला आणि तुझं दोन वर्षांपूर्वीचं पत्र हाती आलं. मी त्यात शुद्धलेखनाच्या चुका काढून, सात गुण देऊन ते तुला परत पाठवलं होतं, आणि तू ते, एक अक्षर न लिहिता, पुन्हा मला पाठवलंस. मला वाटलं चुकून आलं. आज वाचलं. भाऊजी घराची वाट चुकायला लागलेत आणि सकाळी सकाळी तुलाच तुझं नाव विचारतात, असं तू त्यात लिहिलंयस. मी 'सकाळी'तला इकार सुधारलाय. वर वजिराबद्दल जे बरळलो ते खोडत नाही. माझ्या मूर्खपणाचा पुरावा म्हणून राहू दे.

ता. क. ३. सुनावणीसाठी मागितलेलं ते पत्र नको. कंपनीला कळवून टाकलं की तक्रार खरी आहे, माझी सही आहेच, पुढचं तुम्ही ठरवा. सोमवारी सकाळच्या गाडीने तुमच्याकडे यायला निघतो. मंगळवारी तास नाही म्हणून चावीवाल्याला फोनवर कारण सांगितलं, ते त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. (मास्तर तो व्हायला हवा होता.) भाऊजींनी मला ओळखलं नाही तर मी कोण ते तू सांगू नकोस. ते मला ज्या नावाने हाक मारतील त्या नावाला मी ओ देईन. दुरुस्त करणार नाही.