लिंबोणीजवळचं जाळं

आई, तुला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी घरामागच्या तुझ्या सांदवाडीत खुर्ची टाकून बसलो आहे. थकलोय, दुसरं काही नाही. नोकरी संपवून गावी आलो तेव्हा वाटलं, इथे पाखरांना पुन्हा नांदू द्यावं. फवारणी बंद केली, काट्यांची कुपाटी मोडली नाही, बुडू नयेत म्हणून टाक्यावर झाकण घातलं, उथळ परळात रोज पाणी भरलं. तू असले उपद्व्याप कधी केले नाहीस. लिंबोणीत बुलबुलाचं घरटं दिसलं की तू त्या झाडाला हात लावायची नाहीस, एवढंच. झाड लिंबांनी लदलेलं आणि तू वाटी घेऊन शेजारी एक लिंबू मागायला निघालेली. शेजारच्या काकू हसायच्या. मला लाज वाटायची. एकदा मीच तोडतो म्हणालो, तर तू चुलीपासून न उठता म्हणालीस, "आपल्याले मांगाले तोंड हाये. ते पाखरू कोनाले मांगन?"

यंदा त्याच लिंबोणीत घरटं झालं. पण वानरांनी दोडक्याच्या मांडवाची दोनदा वाट लावली, म्हणून मी तलावावरच्या मासेमाराकडून जुनं नायलॉनचं जाळं आणून वेलांवर टाकलं. इकडे सगळेच टाकतात. ते ताणून बांधायला हवं होतं. कंबर दुखत होती, उद्या बांधू म्हणून लिंबोणीच्या बाजूला तसंच लोंबतं ठेवलं. सकाळी त्यात बुलबुल लटकलेला, चोचीत अळी तशीच. कात्रीने सोडवला, पण जीव गेला होता. घरट्यात दोन पिल्लं चोची वासून बसलेली. जाळं गुंडाळलं आणि दिवसभर पाहत बसलो. जोडीतला दुसरा एकटाच खेपा घालत होता. एक पिल्लू दुसऱ्या दिवशी मेलं. दुसरं काल उडालं. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

तुझ्या सुनेला मी सांगितलं की बुलबुल मांजरीने धरला. जिला ती रोज दूधभात घालायची, तिच्याच मागे काठी घेऊन धावली. मी बघत राहिलो. आज राग उतरल्यावर वाटी भरून दारात उभी होती. मला म्हणाली, "मांजर दिसून नाही राहिली. काहून जी?"

मी म्हणालो, बरं झालं, गेली ते. आई, हा कागद मी तिच्या हाती लागू देणार नाही.