आमची बिनडीलक्स पिकअप

४ ऑक्टोबर १९८६, शनिवार

नागपूर रोडच्या शोरूममधून आत्ता आले. डोकं ठणकतंय. गाड्या विकणाऱ्याने टाय बांधावा, माझी हरकत नाही. पण टाय बांधून इतकं खोटं बोलू नये.

लीलाला, माझ्या धाकट्या बहिणीला, पिकअप घ्यायची आहे. ती नवी, जपानी इंजिनची. निम्मे पैसे माझ्या ग्रॅच्युइटीतले, निम्मे तिच्या बांगड्या मोडून. दिवाळीची सुटी संपून १७ नोव्हेंबरला एटापल्लीकडची आश्रमशाळा उघडते. त्या दिवसापासून दर सोमवारी भाजी-किराणा पोचवायचं काम तिला मिळालंय. अट एकच, गाडी स्वतःची हवी. नसेल तर काम मूल गावच्या व्यापाऱ्याकडे जाणार. आणि तिचा दीर भाऊराव तिला भद्रावतीला नेऊन स्वतःच्या स्वयंपाकघरात बसवणार. लीलाचा नवरा गेल्यापासून तो यासाठी टपून आहे. "घरची बाई बाहीर काऊन हिंडते?" म्हणे. घरची बाई म्हणजे बिनपगारी, हे तो बोलत नाही.

टायवाला म्हणाला, "मॅडम, गाडी तयार आहे. डीलक्स पॅकेजसंगं."

"पॅकेज नको असेल तर?"

"मग नंबर लावा लागते. सहा महिने."

"म्हणजे सक्ती."

"सक्ती कायची मॅडम? आपली मर्जी."

पॅकेजचे अकरा हजार! मी हॉस्पिटलात नोकरीला लागले तेव्हा एवढ्यात घर झालं असतं.

७ ऑक्टोबर

पुन्हा शोरूम. डीलक्स पॅकेजचा (यापुढे डी. पॅ., एवढी शाई मी त्यावर घालवणार नाही) कागद मागून घेतला. सगळा इंग्रजीत, बारीक टाइपात. लीलाने नेहमीप्रमाणे माझ्याकडे सरकवला. आमच्या दोघींत शाळा मलाच मिळाली. नन्सनी मला त्यांच्या शाळेत नेलं, आणि तिच्या वेळी आई म्हणाली, एक शिकली तेवढी पुरे.

एक, मखमली सीटकव्हर. गाडीत वांगी बसणार की वऱ्हाडी? दोन, टेपरेकॉर्डर. तीन, चाकामागे लोंबणारे रबरी पडदे, त्यांवर सिंह. चार, काचेवर पंखा. पाच, घड्याळ. सहा, अत्तराची बाटली, डॅशबोर्डवर चिकटवण्याची.

अत्तराच्या बाटलीला माझा तोल गेला. लाल पेन काढलं आणि पहिल्या ओळीपासून कागदाच्या तळापर्यंत एक सरळ रेघ मारली.

टायवाला म्हणाला, "मॅडम, पूर्ण?"

"पूर्ण."

"खालचं बी?"

"मला वाचता येतं."

लीला हळूच म्हणाली, "ताई, सीटकव्हर राहू दिलं असतं तं?" मी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

पण साधी गाडी "अवेलेबल नाई" ती नाहीच.

दसरा

आजचा दिवस यशस्वी. थकले, पण यशस्वी.

दसऱ्याला अख्खा जिल्हा गाडी बुक करायला येतो, हे मला ठाऊक होतं. सकाळी साडेनऊला स्वेटरचं विणकाम घेऊन शोरूममध्ये गेले आणि दरवाजाजवळच्या खुर्चीवर बसले. हारवाले, पेढेवाले, सहकुटुंब आलेले. प्रत्येकाला नम्रपणे विचारलं, "तुम्हाला अत्तराची बाटली केवढ्याला पडली?" नवरे हसायचे. बायका हिशेब करायच्या. राजुऱ्याच्या एका बाईने नवऱ्याला खांबामागे नेलं. ते हार घेऊन परत गेले.

बाराच्या सुमाराला मॅनेजर स्वतः चहा घेऊन आला. मी त्याच्याशी इंग्रजीत बोलले. सिव्हिल सर्जनसाठी राखून ठेवलेलं इंग्रजी आहे ते. नोकरी संपल्यावर प्रथमच बाहेर काढलं. गंज चढलेला नाही.

चार वाजता साधी गाडी सापडली. अवेलेबल झाली! पुढच्या आठवड्यात ताबा. सही केली. टायवाल्याने पुन्हा विचारलं, "बिना पॅकेजची ना मॅडम? नक्की?" मी म्हटलं, तू मला आणखी एकदा विचारलंस तर मी उद्याही विणायला येईन.

घरी येताना लीला हसत होती. "ताई, तुले पाहून लोकं पेढेच खाऊन राह्यले होते, गाडी कोणीच घेतली नाई."

१६ ऑक्टोबर

दीक्षाभूमीवर गेलो, दोघी. लोक ट्रकांनी, बैलगाड्यांनी, पायी. लीला माणसं सोडून गाड्याच बघत होती. कोणाचा मागचा हौदा केवढा, फळी कुठे पडते. मी म्हटलं, जरा पुढेही बघ. म्हणाली, "पाहूनच राह्यली. आपल्या गाडीत किती कॅरेट बसतीन?"

ड्रायव्हर ठरला. शंकरभाऊ, एसटीतून रिटायर. काळा चष्मा, कानात अत्तराचा फाया. पहिली मागणी: आरशाभोवती प्लास्टिकची फुलं. दुसरी: तीन आवाजांचा हॉर्न. "बाई, हॉर्नशिवाय मले चालवताच येत नाई. हात थरथरतात." मी नाही म्हटलं. आता सगळ्यांना वाटायला लागलंय की नाही हा माझा छंद आहे.

२१ ऑक्टोबर

गाडी आली. अर्धी.

२१ ऑक्टोबर, दुपार

आता जरा शांत झाले, नीट लिहिते.

शंकरभाऊ शोरूममधून गाडी घेऊन गल्लीत शिरला. पुढून गाडी उत्तम. पांढरी, काच लखलखीत, आत दरवाजापासून दरवाजापर्यंत सीट. मग ती वळली. केबिनच्या मागे काही नव्हतं. म्हणजे दोन लोखंडी पट्ट्या, त्यांखाली चाकं, मधून रस्ता दिसत होता. भाजी ठेवायची कुठे? पट्ट्यांवर?

मला वाटलं मागचा भाग दुसऱ्या फेरीत येणार. शंकरभाऊ म्हणाला, "नाई बाई, साधी गाडी अशीच निंगते. हौदा पॅकेजमंदी होता. त्यानं तुमाले दोनदा विचारलं म्हणे."

कागद काढला. सर्वांत खाली, चौदा नंबर: लोखंडी हौदा, रंगासह. त्यावरून माझी लाल रेघ. सरळ आहे रेघ. हात अजून स्थिर आहे माझा.

शोरूमला फोन लावला. टायवाला अतिशय गोड बोलला. हौदा आता लावता येईल, पण सुटा मिळत नाही. पूर्ण पॅकेजमध्ये. अत्तरासकट.

मी फोन ठेवला.

आख्खी गल्ली बघायला आली. लीला पायरीवर बसली होती. मला वाटलं रडतेय. जवळ गेले तर पदर तोंडावर धरून हसत होती. मग खरंच रडली. मग दोन्ही.

२३ ऑक्टोबर

भाऊरावला वास लागलाच. भद्रावतीहून पहिल्या बसने आला. गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"मास्तरीणबाई, हे काय होय? घोडा दिसते, टांगा कुठी हाय?"

मी मास्तरीण नव्हते, मेट्रन होते. त्याला मी हे दहा वर्षं सांगतेय.

चहा पिऊन मुद्द्यावर आला. "लीलाबाई, हे इकून टाका. भद्रावतीले चाला. तुमची जाऊबी म्हणून राह्यली, घरात माणूस पाह्यजे. दिवाळीनंतर मी न्यायले येतो, बॅग भरून ठेवा."

लीलाने त्याची कपबशी उचलली. तिने नाही म्हटलं नाही, हे मला रात्रभर टोचणार.

२५ ऑक्टोबर

मूल रोडला रज्जाकभाईंच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे एक पत्रा, खाली सहा अर्धे ट्रक. इथे सगळ्यांच्याच गाड्या अर्ध्या येतात. मला जरा बरं वाटलं. ट्रक कंपनीतून असाच नागडा येतो आणि हौदा इथे चढतो, ही रीत आहे म्हणे. मग इतकी वर्षं मला कोणी का सांगितलं नाही? तू विचारलं नाहीस, असं लीलाचं म्हणणं.

रज्जाकभाई म्हणाले, "बाईजी, सागवानाचा बनवतो. लोखंडात पालेभाजी उकडते. एक महिना."

"सतरा तारखेला सकाळी गाडी एटापल्लीला पोचायला हवी."

"बीचमें दिवाली है."

"तुमची?"

"कारीगर लोकांची."

लाकूड सरकारी डेपोच्या पावतीचंच घ्यायचं, हे मी बजावलं. लगेच त्यांनी माझ्यापुढे एक जाड वही उघडली. आत फोटो. मोर, कमळ, डोंगरातून उगवणारा सूर्य, पितळी चांदण्या, साखळ्या, झालर, मागे दोन डोळे. प्रत्येकाखाली भाव!

म्हणजे टाय नाही, पण पॅकेज आहेच.

मी पेन काढलं. लीलाने माझा हात धरला. धरला म्हणजे खरोखर, मनगटाला.

"ताई, शोरूममंदी तुह्या मनाचं खोडलंस. इथी माह्या मनाचं राहू दे."

पंचेचाळीस वर्षांची झाली. माझ्याशी या आवाजात ती आजपर्यंत बोलली नव्हती. मी पेनला टोपण लावलं.

२९ ऑक्टोबर

तिने काय काय सांगितलंय: तिन्ही बाजूंच्या फळ्या खाली पडायला हव्यात. मेथीसाठी बाजूला जाळी. दोर बांधायला कड्या, दहा. वर ताडपत्रीसाठी कमानी. इथपर्यंत मला समजलं.

आणि मागच्या फळीवर मोर.

मी म्हटलं, मोर भाजी वाहत नाही. म्हणाली, "मीबी तुह्या स्वेटराले काही म्हणत नाई."

स्वेटर चंद्रपुरात दहा दिवस लागतो हे खरं आहे. पण तो मुद्दा नाही.

भाऊबीज

कारागीर सगळे गावी. रज्जाकभाई एकटेच रंधा मारत होते. मी स्टूल घेऊन समोर बसले. हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटर रंगवताना रंगारी वेळेवर काम करायचे ते याच उपायाने. रज्जाकभाई तासाभराने म्हणाले, "बाईजी, आप घर जाइए, मैं भागूँगा नहीं." गेले नाही. चहा मात्र मागवला त्यांनी, दोनदा.

भाऊराव स्वतः आला नाही. निरोप पाठवला: सतरा तारखेला येतो, बॅग भरून ठेवा. लीलाने बॅग काढली खरी. तिच्यात ताडपत्रीची दोरी भरली.

११ नोव्हेंबर

हिशेब. हौदा, कड्या, जाळी, ताडपत्री, मोर, आणि शंकरभाऊच्या हाताची थरथर थांबावी म्हणून हॉर्न: दहा हजार सातशे. डी. पॅ. अकरा हजार. म्हणजे तीनशे रुपये वाचले. मी जेवताना मोठ्याने सांगितलं. लीलाने वरण वाढलं. शंकरभाऊने लोणचं मागितलं.

अत्तर नाही, हेही सांगितलं. शंकरभाऊ म्हणाला, "ते माह्या कानात हाय बाई."

१५ नोव्हेंबर

फळ्या बसल्या. कमानी बसल्या. रंग ओला. मोर अजून खडूचा आहे, एका पायावर. रज्जाकभाई म्हणतात दुसरा पाय पुढच्या आठवड्यात. मी चक्क भांडले, मोरासाठी. लीला म्हणाली, राहू दे, चालते एका पायानं.

उद्या बाजार भरायचा. कोबी, वांगी, बटाटे, कांदे, दोन पोती डाळ.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पहाटे चारला दोघं निघाली. मी दारात. शंकरभाऊने हॉर्नचे तिन्ही आवाज वाजवून दाखवले. शेजारचं बाळ उठलं. लीला पुढे बसली, मांडीवर डबा, मला हात केला नाही. घाबरली होती. मीसुद्धा.

सकाळी दहाला भाऊराव हजर. लीला कुठे, बॅग कुठे. मी म्हटलं दोन्ही एटापल्लीला गेल्यात, बसा. बसला. माझ्या स्वेटरच्या लोकरीचं गुंडाळं करून दिलं त्याने, काय करणार. दुपारी जेवला. पाचच्या बसने जातो म्हणाला, गेला नाही. त्यालाही बघायचं होतं.

साडेपाचला हॉर्न.

ताडपत्री वर गुंडाळलेली आणि हौद्यात बायका! आठ-नऊ, टोपल्या, दोन कोंबड्या, वाळलेल्या मोहफुलांचं एक गाठोडं. एकेक उतरल्या, लीलाच्या हातावर नाणी ठेवून गेल्या. भाऊराव उभाच राहिला.

"हे काय?" मी विचारलं.

"वापस येतानी गाडी रिकामी होती ना ताई. आलापल्लीच्या इकडं एसटी बंद पडली होती. त्याह्यले कोण आणीन?"

"मालाच्या गाडीत माणसं बसवायची परवानगी नाही. पोलीस पकडेल."

"म्हणूनच बसून या म्हटलं, उभ्या राहून दिसतेत."

शाळेचं विचारलं. मुख्याध्यापकांनी सगळा माल मोजून घेतला. कोबी चाचपून पाहिला. म्हणाले ठीक. पण पुढच्या महिन्याच्या कागदावर सही केली नाही. वरचे साहेब तपासणीला येतील, गाडी पाहतील, मग. मूलचा व्यापारीही तिथेच बसला होता म्हणे, चहा पीत.

म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही. भाऊरावच्या ते लगेच लक्षात आलं. "मी तं म्हणतो..." त्याने सुरू केलं.

"भाऊजी," लीला म्हणाली, "जरा बाजूले व्हा. फळी पाडायची हाय."

तो बाजूला झाला. नंतर सातच्या बसने गेला. जाताना मोराकडे बघून म्हणाला, दुसरा पाय रंगवून घ्या त्याचा. बोलायला दुसरं काही नव्हतं बहुतेक.

लीलाने हातपायसुद्धा धुतले नव्हते. शिवणाच्या डब्यातून टेप आणला आणि हौद्यात चढली. दोन्ही बाजूंनी बाकं बसवायची म्हणते. घडीची, माल असला की वर, बायका असल्या की खाली. रज्जाकभाईंच्या वहीत आहेत, तिने भावही विचारून ठेवलाय.

मी स्पष्ट शब्दांत नाही म्हटलं. साहेब तपासणीला आले आणि त्यांनी बाकं पाहिली तर? काम जाईल. परवाना जाईल. भाऊराव तर टपूनच आहे. मग काय करशील?

"ताई, टेपचं ते टोक धर," ती म्हणाली, "पार कोपऱ्याले टेकव."