विल्फसाठी वीज

३ जानेवारी
बॅटरी ११.९ व्होल्टवर उतरली! सकाळी सातलाच प्राणवायूचं मशीन किंचाळायला लागलं. विल्फचे ओठ निळे पडलेले. आठच्या आधी बॅटरी भरायला बोटीचं इंजिन लावायचं नाही, हा कालव्यावरचा नियम — गेला खड्ड्यात! लावलं.

मागच्या बोटीतून लॉईड अनवाणीच धावत आला. "रात्रपाळी करून आत्ता कुठे पाठ टेकलीय मी! बंद कर तो खटारा!" नवऱ्याला श्वास लागतोय, म्हटलं. "मग दवाखान्यात ठेव की त्याला!" आणि बादलीभर कालव्याचं पाणी माझ्या अंगावर. जानेवारीत!

मी कोळशाचं फावडं फेकून मारलं. लागलं नाही. लागायला हवं होतं.

५ जानेवारी
ऊन नाहीच. सोलर पॅनल छपरावर नुसते पडून. फ्रिज बंद, दूध-लोणी बाहेर डेकवर. दिवा एकच. चहा कोळशाच्या शेगडीवर. वाचवलेली सगळी वीज मशीनला, तरी दिवसाला चार तास इंजिन लागतंच.

लिनेटचा फोन. विल्फची मुलगी, पहिल्या बायकोची. "बाबांना माझ्याकडे आणा. इथे भिंतीत वीज आहे!" मी फोन आपटला. एकोणीस वर्षं काढलीत आम्ही या बोटीवर. विल्फ इथलाच आहे. मला कळतं की तिला?

८ जानेवारी
आज लॉईड आमचे दोर सोडत होता! आम्ही वाहत गेलो की याला शांत झोप. मी त्याचा हात चावले. हो, चावले! रक्ताची चव अजून तोंडात आहे. त्याने असं ढकललं की नाक दारावर आपटलं. "परत सकाळी धडधड केलीस ना, तर छपरावरच्या वायरीच कापतो!"

आतून विल्फ ओरडायला गेला आणि खोकून खोकून दुमडला.

९ जानेवारी
नाक भोपळ्याएवढं. लिहवत नाही.

११ जानेवारी
दहा दिवसांनी ऊन! मी कोळसा घेऊन आले, बघते तर पॅनलकडून वीज शून्य. बाजूच्या खिडकीवर वायर कापलेली. सरळ, पकडीने.

विचार केलाच नाही. कालव्याचे दरवाजे उघडायचा लोखंडी दांडा उचलला. लॉईड काठावर बसून बूट बांधत होता. "आता काय झालं?" म्हणाला — मी हाणला. मनगट काडकन मोडलं. दुसरा फटका खांद्यावर. "मी नाही! अगं बाई, मी काही केलं नाही!" करत तो गवतात लोळला. तिसरा डोक्यातच घालणार होते, पण एका सायकलवाल्याने मागून घट्ट धरलं.

पोलिस आले. नाक दाखवलं. "वायर कापतो, असं हा स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता!" जबाबावर सही करून आले. माझ्यावरही केस होईल म्हणे. होऊ दे. लॉईडला मात्र इथून बोट हलवावी लागणार.

१२ जानेवारी
वायर जोडली. १२.६. लॉईडची बोट रिकामी, तो अजून दवाखान्यात. खोटं कशाला लिहू — बरं वाटलं.

१४ जानेवारी
विल्फने नाकातली नळी काढली. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. "वायर मी कापली, ऑड्री. खिडकीतून हात बाहेर काढून." मला वाटलं, बरळतोय. "वीज संपल्याशिवाय तू मला जमिनीवर नेणार नव्हतीस. किती वेळा सांगितलं. तू ऐकलंच नाहीस."

लिनेटला फोन केला. "कधी येताय?" एवढंच म्हणाली. आता पोलिसांकडे निघालेय.