माझ्या हातचा शेरा

परभणी,
रविवार, ता. ८ ऑक्टोबर १९५०

चिरंजीव मल्हारीस,

दिनकरकाकाचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, म्हणजे पत्रात लिहितात तेवढं ठीक. तुझ्या काकूचे गुडघे थंडीच्या आधीच कुरकुरायला लागलेत. माझी कंबर दफ्तरात बसून बसून धरते. राणीसावरगावी तुझा बाप ग्यानबा आणि आई म्हाळसाबाई बरी असतील. मेंढरं यंदा कोणाच्या शिवारात बसवलीत ते कळव.

पाच महिने झाले तू आला नाहीस. चार वर्षं आमच्या ओसरीवर राहून सातवी झालास, त्यानंतरही एक बाजार चुकवत नव्हतास. काकू विचारते तेव्हा मी सांगतो, लांब गेला असेल मेंढरांमागं. ती भाकरी थापत राहते.

खबर अशी की बन्सीधर नोकरी सोडून औरंगाबादेस गेला. वैशाखात सरकारी मेंढी फार्मावरच्या देखरेखीसाठी तुम्हा दोघांची मुलाखत झाली आणि जागा त्याला मिळाली. त्याचा बुशकोट आठवतो ना? खिशात कंगवा. खोलीत शिरला तो हात पुढं करूनच. न सांगता खुर्चीत बसला, साहेबांच्या डोळ्यांत बघून हसला. मेंढीला शेळी म्हणाला, पण अशा ऐटीत की साहेबांनी मान डोलावली. पावसाळ्यात त्यानं मेंढ्या खोलगट जागेत बसवल्या. चिखलात खुरं सडली. एकोणीस मेल्या, बाकीच्या लंगडतायत.

हे वाचून तुला राग येईल. मला नुसता थकवा येतो.

दोष वेळेचा होता असं मी स्वतःला सांगत आलो. निजामी गेली, मुंबई इलाख्यातून नवे साहेब आले, त्यांच्या रीती नव्या. मला काय ठाऊक? एकतीस वर्षं पेशकारी केली. साहेबासमोर कागद मांडायचे, तो सांगेल ते लिहायचं. एवढ्या काळात जे शिकलो ते तुला शिकवलं. तीन पावलं अलीकडे थांबायचं. वाकून सलाम. हात पोटावर, नजर साहेबाच्या बुटांवर. उत्तर देऊन साहेबापेक्षा शहाणं दिसायचं नाही. निघताना पाठ दाखवायची नाही. काकूला पाटावर साहेब म्हणून बसवलं होतं, ती शेंगा निवडत होती आणि तू उलट्या पावलांनी जाताना रांजणावर आदळलास. काकू हसली, मग मला म्हणाली, “आवं, त्याला कशाला वाकवायलाव तुमी? खांबावानी सरळ हाय पोरगं. ऱ्हाऊ द्या की तसंच.” मी म्हणालो, तुला दफ्तरातलं काय कळतं.

तू धोतर, पटका आणि खांद्यावर घोंगडं असा आला होतास. घोंगडं मी काढून घेतलं आणि माझी शेरवानी तुला चढवली. वैशाखातली दुपार, बाह्या मनगटापर्यंतही पोचत नव्हत्या.

खोलीत तू शिकवल्याबरहुकूम वागलास. एकही चूक केली नाहीस, तेच नडलं. साहेबांनी विचारलं, “आजारी मेंढी कशी ओळखता?” रांगेत चालणारी मेंढी पाऊल कसं टाकते त्यावरून सांगणारा तू, आणि म्हणालास, “हुजूर सांगतील तसं.” घाम हनुवटीवरून गळत होता. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “हा कोणाच्या दरबारात आलाय? काहीतरी लपवतोय. ओळखता का याला?”

आता लिहितोच. पाच महिने ह्याच ओळीपाशी दौत बंद करून उठतोय.

मी म्हणालो, “जी, नाही.”

त्याच महिन्यात दफ्तरातल्या तिघा जुन्या उर्दूवाल्यांना घरी बसवलं होतं. चौथा मी नको, एवढंच डोक्यात होतं. तू ऐकलंस. तेवढ्यात पहिल्यांदा मान वर केलीस, साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघितलंस. मी वहीत बघितलं. साहेब म्हणाले, “लिहा.” मी लिहिलं : ‘नजर चोरतो. भरवशाचा नाही.’ हे तुला ठाऊक नसेल. शेरा साहेबांचा, पण अक्षर माझं. ज्या अक्षरानं तुला बाराखडी गिरवायला दिली तेच.

काल साहेबांनी तीच वही मागितली. जागा पुन्हा भरायची आहे. पान उघडलं आणि मी सांगून टाकलं. ते म्हणाले, “मग तेव्हा खोटं का बोललात?” मी त्यांच्या बुटांकडे बघत उभा. “वर बघा, पेशकार.” वर बघितलं. त्यांच्या डाव्या डोळ्यावर रांजणवाडी आली आहे, सुजलाय बिचारा. माझ्या मुलाच्या वयाचा माणूस. एकतीस वर्षांत चौदा साहेब झाले. बूट सगळ्यांचे सांगेन, डोळे एकाचेही सांगता येणार नाहीत.

म्हणाले, शेरा खोडता येत नाही, खाली दुसरा लिहा. मी लिहिलं : ‘उमेदवार माझ्या घरी वाढला. ओळखत नाही म्हणालो ते खोटं होतं. वागणूक मी शिकवलेली.’ खाली सही केली. पुढच्या एक तारखेपासून मला जुन्या कागदांच्या कोठडीत बसायचं आहे. काकूला अजून सांगितलं नाही. सांगेन.

सोमवारी, ता. १६ ला, घट बसल्यावर, साहेब फार्मावरच भेटणार आहेत. यायचं असेल तर तुझ्या कपड्यांत ये, घोंगड्यासकट. सलाम करू नकोस, उलट्या पावलांनी तर मुळीच नको. लंगडी मेंढी पुढं करतील. घरी धरतोस तसा तिचा पाय धर आणि काय दिसतं ते साहेबांना तोंडावर सांग. नोकरी मिळेलच असं मी म्हणत नाही. माझ्या भरवशावर तू एकदा गेला आहेस.

नाही आलास तर बोल लावायला मला तोंड नाही. मी फाटकाशी उभा असेन. तू मला ओळख दे की नको देऊस, तुझी मर्जी. कोणी विचारो न विचारो, मी सांगणार आहे.

त्या दिवशी आमच्याकडे राहिलेलं तुझं घोंगडं काकूनं ऊन देऊन घडी करून ठेवलंय.

तुला ओळखणारा,
दिनकर