मागे फिरणारा टेम्पो

भोर, १२ ऑगस्ट २००१

ती. सौ. बाळाबाई वहिनींस,
हनुमंतचा शि. सा. नमस्कार वि. वि.

दादांच्या आजाराला नाव मिळाले आणि योग्य डॉक्टरही मिळाल्या. आनंदाने लिहायला हवे, पण मी संतापलो आहे. चाक आदळले की आपण माणूस चिरडला, या शंकेने दादा दुधाचा टेम्पो मागे फिरवून रस्ता तपासतात, हे ऐकून पहिल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहिल्या. गाडी चालवणाऱ्या माणसाला! दुसऱ्यांनी हसून टेम्पो विकायला सांगितले.

पुण्याच्या या बाईंनी मात्र दादांचे सगळे ऐकून घेतले. याला मंत्रचळ म्हणतात. आता नीट समजून घ्या. ही शंका खाजेसारखी असते. खाजवले की क्षणभर बरे वाटते, मग ती वाढते. मागे जाऊन पाहणे हे खाजवणे, आणि शेजारी बसून कुणी मेले नाही असे तुम्ही सांगता, तेही खाजवणेच. म्हणून दादांनी मागे फिरायचे नाही व घरच्यांनी उत्तर द्यायचे नाही. भीती चढेल आणि आपोआप उतरेल. दादांनी हे बाईंपाशी कबूल केले आहे. दूध नासते म्हणून डेअरी दुसरा टेम्पो शोधते आहे, हे ठाऊक असूनही तुम्ही त्यांचे लाड चालवावेत, याची मला चीड येते.

लहान असून कडक लिहिले. माया पातळ होऊ देऊ नये.
आपला, हनुमंत

विंझर, २० ऑगस्ट

चि. हनुमंत भावजींस,
अनेक आशीर्वाद.

राग काय तुमाला एकट्यालाच येतो व्हय? मार्गासनीच्या पुढं भर रस्त्यात नवरा रडाय लागला तर काय करावं, ते तुमच्या बाईंना इचारा. आन् लाड म्या एकटीनंच केलं न्हाईत. माणूस चाकाखाली आला तर किती हादरा बसतो, हे तुमीच कागदावर चाकं काढून त्यास्नी समजावलंत. आता तो कागद बघाया बी टेम्पो थांबतो. माझं उत्तर दोन शब्दांचं, तुमचं तासाभराचं.

तरी म्या गुरुवारपास्नं गप हाये. पयल्या दिवशी त्यांनी टेम्पो बाजूला थांबवून मला खाली उतरवलं, लई वंगाळ बोलले. म्या उतरले, पर बोलले न्हाई. थोड्या वेळानं परत बसवलं. दूध वेळेत गेलं. आता घरात माझ्याशी अबोला हाये. रविवारी ते तुमच्याकडं येत्याल. मास्तर, तोंड आवरा.

पोरांना जपा, आमची सय ठेवा.
बाळाबाई

भोर, २६ ऑगस्ट

ती. वहिनींस, शि. सा. नमस्कार.

तुम्ही लिहिले ते खरे आहे आणि म्हणूनच फार लागले. दादा आज आले. कापूरहोळच्या वळणावर काहीतरी आपटले म्हणाले, आणि कागद पुढे करून हिशेब पुन्हा मांडायला सांगू लागले. मुद्दे माझ्या जिभेवर तयार होते. मी कागद घडी करून परत दिला. एवढा शिकून सख्ख्या भावाला एक शब्द देता येत नाही, तर माझी शाळा जाळून टाकावी, असे ते म्हणाले. चहा तसाच ठेवून, दार आपटून गेले.

या आजाराचा मला फार राग आला आहे. ते वळणावर पुन्हा थांबले, की थेट घरी आले, हे जाणून घेतल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तरीही तुम्ही ते मला कळवू नका.

दोघांनीही या धाकट्याला पदरात घ्यावे.
हनुमंत