पितळी शिक्क्याचे काय करावे

मी, खाली सही करणार, पाणी आत न घेणाऱ्या चामड्याच्या पिशव्या करणारा, वय वर्षे एकाहत्तर, आज पूर्ण शुद्धीवर, पोटभर जेवून आणि कोणाचाही आग्रह नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघा सोडून बाकी सर्व ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मृत्युपत्र गुडघ्याने लिहायचे नसल्यामुळे कोणाची हरकत नसावी. अक्षर माझे, शाई माझी. याची दुसरी प्रत नाही. हा कागद फाटला, हरवला किंवा भिजला तर मी पुन्हा लिहायला बसणार नाही, आणि बसलोच तर कोणाला काय द्यायचे याचा नव्याने विचार करीन, हे घरात सर्वांना बजावले आहे.

कलम १. वरच्या मजल्यावरचे घर माझ्या एकुलत्या एक मुलाला द्यावे. तो प्लंबर आहे. बापाने जन्मभर पाणी अडवले, मुलगा ते घरोघर पोहोचवतो. चामड्याकडे त्याचे कधीच लक्ष नव्हते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पोरगा आनंदात आहे. तक्रार एवढीच की गावभरचे नळ दुरुस्त करणाऱ्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो. घर त्याला त्या नळासकट दिले आहे.

कलम २. माझी पत्नी हयात नाही. तिला काही देता येत नाही, म्हणून तिने दिलेले तरी लिहून ठेवतो. मी कापायचो आणि शिवायचो, शेवटचा हात तिचा. सुरुवातीला मी नुसते तेल चोळत असे आणि पिशव्या आठवडाभरात लुळ्या पडत. तिने तेलात मधमाश्यांचे मेण घातले, गरम पाण्यात भांडे ठेवून ते वितळवले, चामडे उन्हात कोमट केले आणि तळहाताने जिरवू लागली. टाक्यांच्या भोकांत ब्रशने दोन्ही बाजूंनी मेण भरायची. "अहो, त्याला जेवू घाला, कोंबू नका," हे तिचे मला नेहमीचे सांगणे.

पहिली पिशवी झाली तेव्हा तिने आत एक दगड ठेवला, त्यावर आमच्या लग्नाचा एकुलता एक फोटो ठेवला आणि पिशवी गळ्यापर्यंत बादलीत बुडवली. मी म्हणालो, "अगं, टीपकागद घाल की." ती म्हणाली, "टीपकागद भिजला तर आपलं काय जातंय?" आणि जेवायला बसली. मी ताटावरून उठून दोनदा बादली बघून आलो, तिने दोनदा भात वाढून घेतला. फोटो कोरडा निघाला. लग्नाला तेव्हा वर्ष झाले होते, पण तिच्या प्रेमात मी पडलो तो त्या दुपारी.

कलम ३. समोरच्या छत्रीवाल्याला छत्रीसाठी माझ्या हातची चामड्याची पिशवी द्यावी. "चामडं आणि पावसात? कशाला गिऱ्हाइकांना फसवता?" असे तो मला भर रस्त्यात विचारत आला आहे. त्याची छत्री भिजू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्याला साक्षीदारही व्हायचे होते, पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये, असे वकीलबाई म्हणाल्या. त्यावर तो म्हणाला, "सही काय, कोणीही करेल. पिशवी राहू द्या."

कलम ४. खालचा कारखाना, भोके पाडायच्या आऱ्या, चामडे कापायच्या राप्या, कडा घासायच्या लाकडी घोटण्या आणि मेणाचे भांडे माझ्या सुनेला द्यावे. लग्नाआधी ती केस कापण्याच्या दुकानात काम करी, त्यामुळे हात हलका. मात्र पहिल्याच वर्षी तिने ओलसर चामड्यावर मेण चढवले. मेण बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तसे आतलेही बाहेर जाऊ देत नाही. पिशवी शाळेच्या मुख्याध्यापिकेची होती. तिला आतून हिरवी बुरशी आली आणि बाई वर्गात शिंकत बसल्या. तेव्हापासून मी सुनेला घाईबाई म्हणतो. आता ती प्रत्येक तुकडा गालाला लावून बघते. गार लागला तर ओल आहे, म्हणून परत दोरीवर. हे तिला कोणी शिकवलेले नाही.

कलम ५. पितळी शिक्का. तो तापवून पिशवीवर उठवला की पिशवी आमची. शिक्का पत्नीने करवून घेतला आणि त्याचा नियमही तिचाच: स्वतःच्या कामावर भरवसा ठेवून जो जीव अडकलेली वस्तू बादलीत घालेल, त्यानेच तो हातात धरावा. सुनेच्या पिशव्या एकजात कोरड्या निघतात, पण आत टीपकागद असतो. जीव अडकलेले काही घाल, असे मी मुद्दाम कधी सुचवले नाही, सुचवून घातले तर त्यात काय अर्थ. म्हणून माझ्यामागे शिक्का भांडीवाल्याकडे नेऊन वितळवावा. हे लिहिताना वाईट वाटत आहे.

पुरवणी, त्याच दिवशी. वरील मजकूर टेबलावर ठेवून मी वकीलबाईंना आणायला कोपऱ्यापर्यंत गेलो. परत आलो तर टेबल रिकामे, आणि खाली कारखान्यात बादलीत एक पिशवी गळ्यापर्यंत बुडवलेली. सून शेजारी स्टुलावर बसून चहा पीत होती.

"कागद कुठंय?" मी विचारले.

"पिशवीत. दगडाखाली," ती म्हणाली. वकीलबाईंनी खुर्ची मागितली.

"अगं, त्यात कारखाना तुला दिलाय."

"वाचलं ना. म्हणूनच घातला." मग कप खाली ठेवून म्हणाली, "आणि आईंबद्दल लिहिलंय ते तुमच्याकडून परत तसं लिहून व्हायचं नाही, बाबा. घरात याच्याहून जपण्यासारखं मला काही सापडलं नाही. चहा घेता?"

मी घेतला. मुलगा वरून पान्हा घेऊन आला आणि काय चालले आहे ते कळल्यावर बायकोकडे असा बघत राहिला की मला एक जुनी दुपार आठवली. चहा संपल्यावर तिने पिशवी काढली, पुसली आणि कागद माझ्या हातात दिला. मी तो गालाला लावून पाहिला. गार लागला नाही. मला रडू आले आणि हसूही, आणि मी दोन्ही केले.

सबब कलम ५ रद्द. शिक्का मी आज माझ्या हाताने सुनेला दिला आहे, त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. तिने तो तापवून पहिल्यांदा त्याच पिशवीवर उठवला. किंचित तिरका आला आहे, घाईबाई ती घाईबाईच. हे मृत्युपत्र त्याच पिशवीत राहील. वाचणाऱ्याच्या हाती हा कागद कोरडा आला असेल, तर शिक्का योग्य हाती गेला असे समजावे.

सही: पिशव्या करणारा

साक्षीदार:
१. शेजारचे घड्याळजी (सही)
२. गुडघ्याच्या डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: कारखाना, बादलीशेजारी
तारीख: ९ जुलै २०१८